मदत हवी आहे: ईस्टरला मित्राच्या घरच्यांशी काय बोलू?

नमस्कार मंडळी, आमचं गाव अचलपूर तालुक्यातलं. ख्रिस्ती मित्राची आई या हिवाळ्यात गेली. ईस्टरला पहाटे मेणबत्त्या घेऊन घरचे कबरीवर जाणार, मलाही ये म्हणतात. मावशी, म्हणजे त्याची आई, जगाच्या शेवटच्या दिवशी देहासकट उठणार, हा त्याचा ठाम विश्वास. ख्रिस्त मेल्यावर पुन्हा उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, असं बायबलात प्रेषित पौलानंच करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय, म्हणजे मधला मार्गच नाही! आमच्याकडे तेरवी झाली की माणूस पुढच्या वाटेला लागला. खोटं ‘हो’ म्हणवत नाही, अन् गप्प राहिलो तर त्याला लागेल. (ख्रिस्ताच्या जखमा पाहिल्याशिवाय त्याचा शिष्य थोमा यालाही पटलं नव्हतं, तेवढाच धीर.) ख्रिस्ती भाऊ-बहिणींनो, तुम्हाला हे मनापासून पटतं का? शंका आली की काय करता? दुसऱ्या धर्माच्या कुणी असा प्रसंग निभावला असेल तर तेही सांगा. वादविवाद नको बाप्पा, स्वतःचा अनुभव लिहा.