मदत हवी आहे: बाबांना सीएलएल, १७पी डिलीशन, व्हेनेटोक्लॅक्स. गोळी पेशींना ‘मरू देते’ म्हणजे काय?

खाडीकाठ

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ६८ वर्षांचे, आंब्याची बाग आहे, तब्येतीने काटक. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, गेली काही वर्षं आहे. पण आतापर्यंत ‘नुसतं लक्ष ठेवू’ यावर भागत होतं. आता पांढऱ्या पेशी भराभर वाढल्यात, हिमोग्लोबिन उतरलंय, मानेतल्या गाठी हाताला लागतात. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘फिश’ नावाची तपासणी करायला लावली, त्यात १७पी डिलीशन आलं. ते म्हणाले, नेहमीच्या केमोचा उपयोग होणार नाही, व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या सुरू करू. या पेशी मरायच्या थांबल्यात, गोळी त्यांना मरू देते. ओपीडीत मागे ही रांग, पुढे काय विचारणार?

बाबांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: “गोळी पेशी मारता, तर मगे चांगल्यो आणि वायट वळाकतली कशी?” मला उत्तर देता आलं नाही.

१७पी नसण्याचा आणि केमो न चालण्याचा संबंध काय? सुरुवात एवढ्याशा डोसने, तीही अ‍ॅडमिट करून का? पाणी भरपूर प्या म्हणून बजावलंय, ते कशासाठी? शिवाय घरात रोज कोणी ना कोणी हनुमानफळाच्या पानांचा काढा सुचवतंय, आणि आत्येने नरक्याची साल मिळवून ठेवलीय. सगळ्यांचं म्हणणं एकच, यानेही कॅन्सरच्या पेशी मरतात. मग फरक काय, हे मला पटवून सांगता यायला हवं. ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढ्यावर आमच्याकडे कोणी ऐकत नाही.

सड्यावरचा

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. उपचाराबद्दल बोलणार नाही, पेशीबद्दल बोलतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पेशी मुख्यतः दोन तऱ्हांनी मरते. एक, वादळात कौलारू घर कोसळतं तशी: भिंत फुटते, आतलं सगळं बाहेर, आजूबाजूला दाह. दुसरी म्हणजे घर रीतसर उतरवणं: आधी कौलं, मग वासे, मग चिरे, आणि शेजारी येऊन सामान उचलून नेतात. या दुसऱ्या तऱ्हेला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिलं. पेशी आकसते, तिचा डीएनए कापला जातो, तिचे पापुद्र्यात गुंडाळलेले तुकडे होतात. एरवी पापुद्र्याच्या आतल्या अंगाला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या अंगाला येतो आणि तो जाणवला की भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात. गर्भात बोटांमधला पडदा असाच जातो. तुमच्या-माझ्या अंगातल्या अब्जावधी पेशी आज दिवसभरात अशाच जातील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

ही व्यवस्था जनुकांतच लिहिलेली आहे. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर कृमीची वाढ होताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच, ठरलेल्या वेळी. हे मोजणाऱ्या आणि त्यामागची जनुकं शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. (वर्गात हा आकडा सांगितला की शेवटच्या बाकावरचेही मान वर करतात.)

आता बाबांच्या पेशी. मरणाचा निर्णय बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्या आतल्या घटकांच्या, पापुद्र्यावर होतो. बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं तिथे भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं, त्यातून कॅस्पेज नावाची कापणारी एन्झाइम्स जागी होतात, मग परतीचा रस्ता जवळपास बंद. बीसीएल-२ हे प्रथिन हे होऊ देत नाही. मरणाचा निरोप घेऊन आलेल्या प्रथिनांना ते आपल्या खाचेत धरून ठेवतं. हे जनुक सापडलं फॉलिक्युलर लिम्फोमात, १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते त्या जागी. तोवर कॅन्सरचं जनुक म्हणजे पेशी भराभर वाढवणारं, अशीच समजूत होती. डेव्हिड वॉ या संशोधकाने १९८८ मध्ये दाखवलं की बीसीएल-२ पेशी वाढवत नाही, तिला मरू देत नाही. सीएलएलमध्येही तेच: पेशींची संख्या फुगते ती मुख्यतः जुन्या पेशी जात नाहीत म्हणून.

आणि बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. सीएलएलची पेशी आतून बिघडलेली असते, त्यामुळे मरणाचे निरोप तिच्यात आधीच भरपूर आलेले असतात. बीसीएल-२ ने ते सगळे धरून ठेवलेत म्हणून ती जिवंत आहे. व्हेनेटोक्लॅक्स त्याच खाचेत जाऊन बसतं, धरलेली प्रथिनं सुटतात, आणि पेशी काही तासांत स्वतःला उतरवते. धडधाकट पेशीत सुटण्यासारखं एवढं काही अडकलेलंच नसतं, शिवाय तिला एमसीएल-१, बीसीएल-एक्सएल अशा दुसऱ्या प्रथिनांचा आधार असतो. म्हणजे गोळी चांगली-वाईट ओळखत नाही. ती सगळीकडे एकच काम करते, फरक पेशीच्या आतल्या स्थितीत असतो.

हे आपसूक जमलं नाही बरं का. आधीचं नॅव्हिटोक्लॅक्स बीसीएल-एक्सएललाही अडवायचं आणि प्लेटलेट्स घसरायच्या, कारण प्लेटलेटचं आयुष्य त्या प्रथिनावर चालतं. म्हणून बीसीएल-एक्सएलला न शिवणारं व्हेनेटोक्लॅक्स घडवलं गेलं. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली तीच १७पी डिलीशन असलेल्या सीएलएलसाठी.

१७पी म्हणजे १७ व्या गुणसूत्राची आखूड बाजू. पी५३ प्रथिनाचं जनुक तिथे असतं. नेहमीची केमो डीएनए तोडते. तुटल्याची दखल पी५३ घेतं आणि मरणाचा निरोप पाठवतं. पी५३ च नाही तर डीएनए तुटूनही पेशी जगते. व्हेनेटोक्लॅक्सचं काम पी५३ च्या पुढच्या टप्प्यावर आहे, म्हणून ते नसलं तरी चालतं. डॉक्टरांनी ती तपासणी करून घेतली ती याचसाठी.

रानवाट

नरक्याबद्दल मी सांगतो, आमच्या सह्याद्रीतलं झाड आहे आणि त्यापायी बेसुमार तोड झालीय. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचा, कॅन्सरच्या पेशी मारणारा पदार्थ असतो हे खरं. तो पहिल्यांदा वेगळा केला गेला १९६६ मध्ये एका चिनी झाडातून. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी या दोघांनी. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीचं. कॅम्प्टोथेसिनवरून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं निघाली, ती आजही वापरात आहेत. पण मूळ पदार्थ माणसांना देऊन पाहिला तेव्हा अस्थिमज्जा दबली, लघवीवाटे रक्त जाऊ लागलं, आणि १९७० च्या दशकात त्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. सालीत तो किती उतरलाय हे तुमच्या आत्येला कळणार नाही, मलाही कळणार नाही.

सड्यावरचा

@रानवाट, झकास. यात भर एवढीच, की कॅम्प्टोथेसिनही डीएनए तोडूनच काम करतं. म्हणजे ज्या पी५३ च्या अभावी नेहमीची केमो बाद झाली, त्याच्याकडेच हा रस्ताही जातो. आत्येला हे सांगा, पटेल.

हनुमानफळातलं अ‍ॅनोनासिन मायटोकॉन्ड्रियाचं ऊर्जेचं काम बंद पाडतं. काचेच्या बशीत त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, त्यात नवल काय? कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं खाणाऱ्या आणि पानांचा काढा पिणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार जास्त दिसतो, हे १९९९ मध्ये नोंदवलं गेलं. संशय याच अ‍ॅनोनासिनवर आहे. मेंदूतली पेशी गेली की ती बहुधा भरून येत नाही. कोकमातल्या गार्सिनॉलवरही बशीतले प्रयोग झालेत, म्हणून सोलकढीला कोणी औषध म्हणू नये. सोलकढी म्हणून प्यावी.

औषधाची_चिठ्ठी

कुडाळला फार्मसिस्ट आहे. रोजच्या कामाचं सांगते, डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

डोस साधारण असा चढतो: पहिला आठवडा २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २००, आणि पाचव्या आठवड्यापासून ४००. कारण औषध फार चालतं. लाखो-करोडो पेशी एकदम गेल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात येतं, युरिक अ‍ॅसिड वाढतं, कॅल्शियम उतरतं. मूत्रपिंड थकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून पहिल्या डोसच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी, युरिक अ‍ॅसिडची गोळी, आणि डोसनंतर ६ ते ८ तासांनी व २४ तासांनी रक्त तपासणं. गाठी मोठ्या किंवा पेशी फार असतील तर हे सगळं अ‍ॅडमिट करूनच.

इथे आपल्याकडची गडबड ऐका. ‘भरपूर प्या’ म्हटलं की पाहुणे शहाळी घेऊन येतात. एक पेला शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. डोस चढत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं नको. साधं पाणी.

दुसरं, करमलं. पाच धारांची, शहरात स्टारफ्रूट म्हणतात ती. ग्रेपफ्रूट, सेव्हिल जातीचं कडू संत्रं आणि करमल ही तिन्ही या औषधाबरोबर वर्ज्य आहेत, कारण औषध मोडणारं यकृतातलं एन्झाइम त्यांनी अडतं आणि रक्तातलं औषध वाढतं. तोरंजन, म्हणजे पपनस, ग्रेपफ्रूटचं जवळचं भावंड. चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला बांधा, बाबांना देऊ नका. आंबा या यादीत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात गजकर्णासाठी लोक दुकानात येऊन इट्राकोनाझोल मागतात. ते, क्लॅरिथ्रोमायसिन, आणि बीपीच्या गोळ्यांतली डिल्टियाझेम, व्हेरापामिल हे सगळं याच एन्झाइमला अडवतं. बाबांची चालू असलेली प्रत्येक गोळी, मलमसुद्धा, लिहून डॉक्टरांना दाखवा.

खाडीकाठ

खूप आभार सगळ्यांचे. आत्येला फोन केला. नंदुरबारच्या वाणींचं ऐकून ती थोडी खूश झाली आणि मग साल नको म्हणाली, असं एकूण झालं. बाबांना ‘उतरवलेलं घर’ लगेच कळलं; आमचं जुनं घर त्यांनीच उतरवून घेतलं होतं.

करमलाचं लोणचं मात्र आमच्याकडे बरणीभर आहे. त्याऐवजी बिंबलं चालतील का? आणि गावाकडे रक्त तपासून रिपोर्ट मुंबईला पाठवणं कितपत विश्वासाचं?

मालवणी_काकू

माझ्या ह्यांना हीच गोळी होती. पहिले डोस मुंबईतच राहून घ्या, दादरच्या नातेवाइकांना आताच सांगून ठेवा. आम्ही एकदा गावच्या लॅबमध्ये रक्त दिलं, नमुना दुचाकीवरून खडखडत गेला, पोटॅशियम एवढं आलं की सगळ्यांची पाचावर धारण बसली. पुन्हा तपासलं तर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सीएलएलच्या पेशी नाजूक असतात, नळीतच फुटतात आणि आकडा खोटा वाढतो. नमुना हलवल्याशिवाय तिथल्या तिथे चालवणारी लॅब बघा.

आणि ताप. ह्यांच्या चांगल्या पांढऱ्या पेशीही उतरायच्या. थर्मामीटर १००.४ च्या वर गेला की घरगुती गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक फोन. लावणीच्या चिखलात तर पाऊल नको. आपल्याकडे लेप्टो आहे, दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापही निघतो.

औषधाची_चिठ्ठी

बिंबलंही नकोत. करमलाच्याच कुळातली आहेत, ऑक्झलेट खूप. केरळात बिंबलांचा रस पिऊन मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी आहेत, आणि या काळात मूत्रपिंडांवर आधीच ताण असणार. कैरीचं लोणचं द्या, मीठ बेताचं.

एक राहिलं होतं. गोळी जेवणाबरोबर, रोज एकाच वेळी. विसरली आणि ८ तासांच्या आत आठवली तर घ्यायची. त्यापुढे गेलं तर ती सोडून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी. घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा देऊ नका.