लग्नानंतर, पोरं झाल्यावर गायला लागलेली लोरेटा लिन: कुणाला तिच्याबद्दल माहिती आहे का?

सूरवेडी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचीच, इथल्या एका ऑर्केस्ट्रात गाते. लग्नसराई, गणपती, नवरात्र अशा सुपाऱ्या असतात, बाकी दिवस घर आणि दोन पोरं. लग्नाआधी गाणं म्हणजे शाळेतलं गॅदरिंग तेवढंच, खरं गायला लागले ते पोरं झाल्यावर. आमच्यात एक गिटारवाले काका आहेत, पूर्वी हवाईयन गिटार वाजवायचे, ते रिहर्सलला म्हणाले तू लोरेटा लिन ऐक, ती पण पदरात चार पोरं असताना गायला लागली आणि अमेरिकेत कंट्री म्युझिकमध्ये, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांत, एवढी मोठी झाली. मग रात्री सगळं आवरून ऐकत बसले. आवाज सरळ, उगाच लाडीगोडी नाही, थेट अंगावर येतो, पण इंग्लिश त्यांच्या गावाकडचं असल्यानं मला निम्मं कळत नाही. हिचं नेमकं आयुष्य कसं होतं, पोरं सांभाळून हे सगळं जमवलं कसं आणि कुठनं ऐकायला सुरू करू, हे कुणीतरी जरा सविस्तर सांगा की. आणि हो, नवऱ्यानं पुढं आणली म्हणतात ते खरं का?

जुना_रेडिओ_शाहूपुरी

ताई, बरं झालं विचारलंत, ही माझी अत्यंत आवडती बाई. जन्म १९३२ चा, केंटकी राज्यातलं बुचर हॉलो, डोंगराच्या बेचक्यातली वस्ती, वडील कोळशाच्या खाणीत कामाला, आठ भावंडं आणि त्यात ही दुसरी. १५ व्या वर्षी लग्न झालं. जुन्या लेखांत १३ व्या वर्षी असं सापडेल तुम्हाला, कित्येक वर्षं तसंच छापून यायचं, मग २०१२ ला तिची जन्माची कागदपत्रं पत्रकारांनी बाहेर काढली तेव्हा खरा हिशोब कळला. नवरा ऑलिव्हर, त्याला सगळे डूलिटल म्हणायचे. लग्नानंतर दोघं गेली पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात कस्टर म्हणून गाव आहे तिथं, कॅनडाची हद्द जवळच. विशीत पोचेपर्यंत चार पोरं. माहेर तुटलेलं, ओळखीचं कुणी नाही, घरकाम करता करता आणि पोरं झोपवताना ही गायची, ते नवऱ्यानं ऐकलं आणि तिला हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली, १७ डॉलरची. शिकवायला कुणी नव्हतं, स्वतःच बोटं फिरवून शिकली आणि स्वतःच गाणी जुळवायला लागली.

मग आसपासच्या हॉलमध्ये बँडबरोबर गाणं, टीव्हीवरची स्पर्धा, आणि तिथं तिला बघून कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका माणसानं झिरो रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढून तिचं पहिलं रेकॉर्ड केलं. ‘हॉन्की टॉन्क गर्ल’, साल १९६०. कंपनी एवढीशी, जाहिरातीला पैसा नाही, म्हणून नवरा-बायको गाडीत रेकॉर्डं टाकून एकेका रेडिओ स्टेशनला गेली, गाडीतच झोपायचं, पाव-चीज खायचं, आणि स्टेशनवाल्याला म्हणायचं एवढं वाजवा. ते गाणं कंट्रीच्या यादीत १४ व्या नंबरापर्यंत गेलं! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या मुख्य शहरातल्या, ग्रँड ओल ऑप्रीला उभी राहिली. हा तिकडचा १९२५ पासून चाललेला रेडिओचा कार्यक्रम, तिथं गायला मिळणं म्हणजे कंट्रीवाल्यांचं सर्वात मोठं स्वप्न. वडील मात्र १९५९ लाच गेले, लेकीचं एकसुद्धा रेकॉर्ड त्यांनी ऐकलं नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढं ज्या गाण्यानं ती जगभर ओळखली गेली ते ‘कोल मायनर्स डॉटर’ सगळं त्यांच्यावरच आहे.

कागलची_अनघा

नवऱ्यानं पुढं आणली का, ह्यावर मी बोलते कारण लोक ह्याचं सगळं श्रेय त्याला देऊन मोकळे होतात. गिटार त्यानं आणली, स्टेजवर ढकलली त्यानं, गाडी चालवली त्यानं, हे ती स्वतःच सांगायची आणि ते खरंच आहे. पण तोच माणूस दारू प्यायचा, बाहेर भानगडी करायचा, मारहाण पण व्हायची घरात. तिनं हे काहीच झाकून ठेवलं नाही, मुलाखतीत सांगितलं, पुस्तकात लिहिलं, त्यानं हात उचलला तर मी पण सोडला नाही हे पण सांगितलं. आणि सगळ्यात भारी म्हणजे गाण्यात घातलं. पिऊन घरी येऊन लाडात येऊ नकोस असं नवऱ्याला बजावणारं गाणं, ते तिचं पहिलं नंबर एकचं गाणं, १९६७ ला. १९६८ चं ‘फिस्ट सिटी’ तर सरळ नवऱ्याच्या मागं लागलेल्या बाईला दम दिलेला आहे. त्या काळी कंट्रीत नवऱ्यानं फसवलं म्हणून बायका रडायच्या गाण्यात, ही रडली नाही.

तरी ती त्याच्याबरोबर ४८ वर्षं राहिली, १९९६ ला तो जाईपर्यंत. काही जणांना हे पटत नाही, मग ती कसली धीट म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या त्यात सासू असायची, नवरा असायचा, सगळा जाच असायचा, आणि दळण झालं की त्याच घरात स्वयंपाकाला लागायच्या, म्हणून त्या ओव्या खोट्या होत नाहीत ना. लोरेटानं तेच मायक्रोफोनसमोर केलं, आणि लाखो बायकांना वाटलं ही आपलंच सांगायली.

जुना_रेडिओ_शाहूपुरी

अनघाताई, मान्य. पण ढकलणारा माणूस नसता तर ती त्या कस्टरमध्येच राहिली असती असं मला अजूनही वाटतं. आपल्या सुलोचना चव्हाणांचं बघा, लावणीतला शब्द कसा फेकायचा हे त्यांच्या मिस्टरांनी त्यांच्याकडनं घोटून घेतलं, त्या स्वतः कौतुकानं सांगायच्या. योगायोग म्हणजे दोघीही २०२२ लाच गेल्या, लोरेटा ऑक्टोबरमध्ये वयाच्या ९० व्या वर्षी आणि सुलोचनाबाई डिसेंबरमध्ये.

कागलची_अनघा

घोटून घेणं वेगळं आणि गाणं लिहिणं वेगळं दादा. शब्द तिचे होते.

बरं ताई, ‘द पिल’ नक्की ऐका. विषय काय तर गर्भनिरोधक गोळी. दरवर्षी पाळणा हलवून कंटाळलेली बाई नवऱ्याला सांगते आता हे बंद. रेकॉर्ड १९७२ ला केलं पण कंपनीनं भीतीनं दाबून ठेवलं आणि १९७५ ला काढलं, कितीतरी रेडिओ स्टेशननी वाजवायला नकार दिला तरी कंट्रीच्या यादीत पहिल्या पाचात गेलं. खेड्यातले डॉक्टर तिला भेटून म्हणायचे की आमच्या पत्रकांनी जे झालं नाही ते तुमच्या गाण्यानं झालं. सहा पोरांची आई ती, शेवटची जुळी १९६४ ला झाली, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी, जिवलग मैत्रीण पॅट्सी क्लाइनवरनं ठेवलेलं. ही पॅट्सी आधीच मोठी गायिका होती, नवीन आलेल्या लोरेटाला तिनं हाताला धरून शिकवलं, कपडे सुद्धा दिले, आणि १९६३ च्या मार्चमध्ये विमान पडून गेली, जेमतेम तिशीतली.

पोरं कशी सांभाळली विचारलंत ना, तर खरं उत्तर म्हणजे सगळं जमलं नाही. ती दौऱ्यावर असायची, घरी जुळ्यांना नवरा बघायचा. पोरींचं लहानपण बघायला मिळालं नाही ही खंत तिला कायम होती. १९८४ ला थोरला मुलगा नदीत बुडून गेला तेव्हा पण ती दौऱ्यावरच होती. मी स्वतः दोन पोरांची आई आहे, हे वाचल्यावर कितीतरी वेळ मला काही सुचलं नाही.

पट्टी_काळी_चार

मी कीबोर्ड वाजवतो म्हणून जरा गाण्याचं बोलतो. ताई, सुरुवात ‘कोल मायनर्स डॉटर’नं करा, १९७० चं. त्यात गोष्ट अशी की तिनं अजून बरीच कडवी लिहिली होती, निर्माता ओवेन ब्रॅडलीनं लांब होतंय म्हणून कापायला लावली. जे राहिलं त्यात खाण, रॉकेलचा दिवा, आईची धुणं धुऊन सोललेली बोटं, सगळं आहे, एकही अवघड शब्द नाही. नंतर थेट २००४ चा ‘व्हॅन लिअर रोझ’ अल्बम ऐका. बाई तेव्हा ७२ वर्षांची, निर्माता जॅक व्हाइट, रॉकवाला पोरगा, तिच्या नातवाच्या वयाचा, आणि त्या अल्बमला दोन ग्रॅमी मिळाली. आवाजाला वय झालंय ते लपवलेलंच नाही, म्हणूनच तो मला जास्त आवडतो. मागं जे सूर ओढल्यासारखं वाजतं ते पेडल स्टील, आपल्या हवाईयन गिटारचंच पुढचं रूप. बहुतेक गाणी तीन कॉर्डवर आहेत, तुमच्या पट्टीत सहज बसतील.

आणि एक राहिलंच, १९७२ ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ मिळवणारी ती पहिली बाई. तोपर्यंत तो फक्त पुरुषांनाच मिळायचा.

सूरवेडी_राजारामपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताई, तुमचं पोरांबद्दलचं वाचून मी पण गप्प झाले. खरं विचारायचं होतं ते आता विचारते. मी पण चार-पाच गाणी लिहिल्यात, चाली पण माझ्याच, सासरच्या घरातल्याच गोष्टी आहेत त्यात. एक जण रेकॉर्ड करून देतो म्हणतोय, पैसे घेणार नाही पण एका कागदावर सही कर म्हणतोय, सगळे हक्क त्याच्याकडं. लोरेटानं असलं काय केलं होतं का?

पट्टी_काळी_चार

केलं होतं, आणि चांगलंच महागात पडलं. नॅशव्हिलला आल्या आल्या विल्बर्न ब्रदर्स म्हणून दोघा भावांनी तिला हात दिला, टीव्हीवर आणलं, डेक्का ह्या रेकॉर्ड कंपनीशी गाठ घालून दिली, उपकार मोठेच होते. पण तिनं लिहिलेल्या गाण्यांचे प्रकाशन हक्क त्यांच्या कंपनीकडं गेले. पुढं तिनं त्यांचं काम सोडलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं, आणि गाणी तिच्याकडं आलीच नाहीत. त्या पायी तिनं मधली बरीच वर्षं स्वतः लिहिणंच कमी केलं, कारण लिहिलं की ते त्यांच्या खात्यात जाणार. एवढं चांगलं लिहिणारी बाई ऐन भरात थांबली, ह्यासारखं नुकसान नाही.

आपल्याकडं २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानं तुमची बाजू बरीच भक्कम आहे. तुम्ही गीतकार आणि संगीतकार दोन्ही आहात, तर हक्क लिहून दिले तरी गाणं वापरलं जाईल त्याच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा तुम्हाला सोडून देताच येत नाही, कागदावर काही लिहिलं असलं तरी. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तो माणूस कागदात ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ असले शब्द घालतोय का ते आधी बघा. आयपीआरएसचं सभासद व्हा, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तीच संस्था गोळा करते. गाणी लिहिलेली वही आणि मोबाइलवर गायलेलं तारखेसकट स्वतःला मेल करून ठेवा. आणि सही करायच्या आधी कागद वकिलाला दाखवा, दोन आठवडे उशीर झाला तर होऊ दे, खरंच करायचं असेल तर तो माणूस थांबेल.