आजोळच्या घराचं लाकूड आलंय, त्यातून बसायची खोली करायची आहे. सल्ला हवा (बेळगाव-शहापूर)

शहापूरची सून

नमस्कार. शहापुरात आमचं जुनं घर आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढची खोली साधारण १४ बाय ११ फूट. खाली लाल कोबा, वर लाकडी माळा, रस्त्याकडं दोन खिडक्या, भिंतीत एक देवळी आणि दोन कोनाडे. अकरा वर्षं पुण्यात भाड्यानं राहून गेल्या वर्षी परत आलो. तिथं एका मोठ्या दुकानातून घेतलेला सोफा सोबत आणला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कापडाला बुरशी आली आणि आतला भुशाचा बोर्ड पोळीसारखा फुगला. तो काढून टाकला. आता खोलीत फक्त सतरंजी आहे.

खानापूर तालुक्यातलं माझं आजोळचं घर मामांनी उतरवलं. चार तुळया, सहा खांब, दोन चौकटी आणि फडताळाची दारं त्यांनी टेम्पोत घालून पाठवली. "नेत नसशील तर जळणात जाईल," म्हणाले. सगळं परसात ताडपत्रीखाली पडून आहे.

मला विचारायचंय ते असं. सोफा नको असेल तर बसायला काय करावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. चांगला सुतार कसा ओळखायचा? आणि कापड, गाद्या, पडदे आपल्या भागातलेच वापरायची फार इच्छा आहे. यजमान म्हणतात कोबा फोडून टाइल्स घालूया. माझा जीव होत नाही.

रंधा-पटाशी (खानापूर)

ताई, पहिलं काम म्हणजे ती ताडपत्री आजच काढा. प्लास्टिकखाली लाकूड घामेजतंय आणि बुरशी तिथंच धरते. पडवीत विटांवर उचलून ठेवा, दोन थरांमध्ये पट्ट्या घाला, म्हणजे चारी बाजूंनी वारा फिरेल.

माझे वडील आणि आजोबा सुतार, मीही त्यातलाच. जुनं सागवान हाताशी असणं म्हणजे भाग्य. इतकी वर्षं घरात वाळलेलं लाकूड बाजारात मागून मिळत नाही. पण ते सागवानच आहे का, हे आधी बघा. खानापुरातल्या जुन्या घरांत ऐन, किंदळ, नाणा, जांभूळ, सगळं वापरलेलं असतंय. एका कोपऱ्यावर रंधा मारा. सागवान असेल तर सोनेरी-तपकिरी दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल आणि कातड्यासारखा वास येईल. ऐन काळपट आणि जड असतो, खिळा ठोकायला गेलात तर वाकतो. टाकाऊ नाही, पण रंधा मारणाऱ्याचा घाम काढतो. त्याचे पाय करा, फळ्या सागवानाच्या.

सॉ मिलला नेण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधून काढा. आत मोडलेला खिळा राहिला तर पातं जातं, आणि पुढच्या वेळी मिलवाला जुनं लाकूड दारात घेत नाही. चिरलेल्या फळ्या लगेच वापरू नका. तुळई चिरली की आतला ताण सुटतो आणि फळी थोडी वळते. निदान दोन महिने थप्पी लावून ठेवा. आता चिरून घेतलंत तर पावसाळा बघितलेली फळी दिवाळीनंतर कामाला घेता येईल. मी तरी तसंच करीन.

टिळकवाडीकर

कोब्याला हात लावू नका हो! आमच्या घरी वडिलांनी फोडला आणि आजही हळहळतात. तसा कोबा घालणारे गवंडी आता शोधावे लागतात. भेगा असतील तर पांढरं सिमेंट आणि लाल ऑक्साइड कालवून भरा, रंग आधी कोपऱ्यात जुळवून बघा. नंतर खोबरेल तेलाचा हलका हात देऊन जाड कापडानं घासत राहा. महिनाभरात खिडकीचं प्रतिबिंब त्यात दिसायला लागेल.

निपाणीची मावशी

बाळ, सोफ्याऐवजी दिवाण कर. भिंतीला लागून एक लांब, काटकोनात दुसरा आखूड. दिवसा बसायला, पाहुणे आले की झोपायला. सासूबाईंसाठी मात्र वेगळी हाताची खुर्ची हवी. गुडघेदुखीच्या माणसाला उठताना हातांवर जोर द्यावा लागतो, दिवाणाला ती सोय नसते. माझ्यासाठी केली तेव्हा सुतारानं मला स्टुलावर बसवलं, खाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे सरकवत उंची वाढवत नेली आणि मी सहज उठले तिथं थांबला. साडेअठरा इंच निघाली. बाजारातल्या खुर्च्या सोळा-सतराच्या असतात, एवढ्याशा फरकानं माझं उठणं बसणं सोपं झालं. बैठक वेताची विणून घे, उन्हाळ्यात पाठ भिजत नाही.

रंधा-पटाशी (खानापूर)

मावशी बरोबर सांगतात, माप माणसाचं घ्यायचं. सुतार ओळखायचा तोही तिथंच. तो आधी फीत काढतो की आधी विचारतो, "कोण बसणार?"

दुसरं, त्यानं आधी केलेली वस्तू उलटी करून बघा. वरून पॉलिश सगळेच चकचकीत करतात. खालून सांधा बघा. पायाला भोक पाडून आडव्या लाकडाची जीभ त्यात घट्ट बसवलेली आणि आरपार लाकडी खुंटी मारलेली दिसली, तर माणूस कामाचा. नुसते स्क्रू आणि कोपऱ्यात लोखंडी पट्टी दिसली तर नमस्कार करून निघा.

आपल्या हवेसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून ते सप्टेंबर इथलं लाकूड पाणी पितं आणि रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काही होत नाही, सगळा खेळ रुंदीचा. श्रावणात दारं अडकतात ती त्यामुळंच. म्हणून कपाटाच्या दारातली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडायची, तिथं फेव्हिकॉल नको. टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला लांबट भोकातून स्क्रूनं धरायची, म्हणजे ती सरकू शकते. हे न केल्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये मधोमध उभी तडकलेली टेबलं दुरुस्तीला येतात तेव्हा वाईट वाटतं. लाकूड चांगलं असतं, त्याला हलायला जागा दिलेली नसते.

पॉलिशला चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून हातानं मारलेलीच घ्या, किंवा नुसतं जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

चंदगडकर

आमच्याकडंही घरं उतरतायत, त्यामुळं एक सूचना. ताईंचं लाकूड खानापुरातून आलं, राज्याच्या आतच. पण आमच्या महाराष्ट्राच्या बाजूनं कुणी सीमा ओलांडून बेळगावला आणणार असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वन खात्याकडं आधी करा. जुन्या घराचं आहे हे तोंडी सांगून नाक्यावर भागत नाही. घर उतरवताना फोटो काढून ठेवा.

बांबूचं काही करायचं असेल तर बुरूडांकडं जरूर जा, तिकडं त्यांना मेदार म्हणतात. खिडकीला सुती पडद्याऐवजी बांबूच्या पट्ट्यांची चटई बसवा, पावसाळी हवेत कापड कुबट होतं. फक्त बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला बांबू मागा, नाहीतर भुंगा वर्षभरात त्याचं पीठ करतो.

वडगावची

कापडाचं मी सांगते, आमचं घरच मागावरचं. दिवाणाच्या गादीवर इलकलची जुनी साडी घालू नकोस, बसून बसून विरते. तिची वाकळ कर. जुनी इलकल, धोतर, आतून आणखी दोन थर, आणि हातानं धावदोरा. इकडं बऱ्याच घरांत तिला कवदी म्हणतात. शिवणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत, मजुरी नीट द्या. चार-चार आठवडे बोटं झिजवतात त्या.

खानापूरला लागून हल्याळ. तिथल्या आणि यल्लापूर-मुंडगोडकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी एकदा हातात घेऊन बघ. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत शिवत येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फूल नसेल तर ती पुरी झाली असं मानत नाहीत. मी तर ती भिंतीवर लावीन.

उशांना गुळेदगुड्डचा खण. त्रिकोणी घडीत मिळतो तो. चोळीचं कापड, पन्हा लहान, त्यामुळं मोठ्या अभ्र्याला मधे जोड येतो. पाठीला साधी सुती घातलीस तर उसवत नाही. पहिली धुणी वेगळी कर, आणि उन्हाच्या खिडकीत ठेवू नकोस, लाल फिका पडतो. खोलीभर खण नको मात्र, दोन उशा पुरेत. कोनाड्यात खानापूरची मातीची सुरई ठेव. तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, जाऊन ये की.

शहापूरची सून (सात महिन्यांनंतर)

उशिरा लिहितेय, पण खोली झाली म्हणून आधी इथंच सांगायचं होतं. तीन तुळया सागवान निघाल्या, एक ऐनाची. दिवाळीनंतर काम सुरू झालं. लांब दिवाण साडेसहा फुटांचा, आखूड चार फुटांचा, पाय ऐनाचे. सासूबाईंच्या खुर्चीची उंची मावशींच्या पद्धतीनं काढली, अठरा इंच आली. पहिल्या दिवशी त्या तीनदा बसून तीनदा उठल्या आणि मग काही न बोलता तिथंच तांदूळ निवडायला घेतले. कोबा राहिला. तेल लावायचं काम यजमानांनीच अंगावर घेतलंय.

एक विचारायचं होतं. चुना खरवडला तेव्हा एका तुळईच्या टोकाला पटाशीनं कोरलेल्या तीन रेघा आणि एक तिरकी रेघ दिसली. ती कसली असेल? मी तेवढा भाग रंधून द्यायला नको म्हटलं. दिवाणाच्या पाठीमागं तो तसाच ठेवलाय.

रंधा-पटाशी (खानापूर)

ती सुतारानं घातलेली जोडणीची खूण, ताई. खाली जमिनीवर सगळा सांगाडा जुळवून बघायचा, प्रत्येक सांध्याला नंबर कोरायचा, मग सोडवून वर चढवायचा. तुमच्या सहा खांबांपैकी एकाच्या डोक्याला अगदी तशाच तीन रेघा आणि एक तिरकी रेघ असणार. बघा, सापडतोय का.

शहापूरची सून

सापडला. फडताळाच्या डाव्या बाजूला लावलेला खांब, वरचं टोक. आता तो दिवाणाच्या शेजारी आणायला सुताराला परत बोलावलंय. आणि माळ्याच्या तुळईला झोपाळा टांगायचाय, त्याला जुन्या पितळी कड्या कुणाकडं असतील तर सांगा.