मदत हवी आहे: आगळातलं अँथोसायनिन जवळजवळ शून्य येतंय!

निळी_शाई (मंगळवार, रात्री ११.४०)
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, शुक्रवारी मॅडमना आकडे दाखवायचे आहेत. कोकम आगळातलं (मीठ घालून काढलेला कोकमाचा रस) एकूण अँथोसायनिन, म्हणजे लाल रंगद्रव्य, पीएच डिफरन्शियल पद्धतीने काढतेय: पीएच १ आणि ४.५ ला नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजायचं आणि फरक घ्यायचा. तीन दिवस झाले, उत्तर लिटरला १.३ मिलिग्रॅम! आगळ लालभडक आहे, हाताला लागलं तर डाग जात नाही, आणि म्हणे १.३. सूत्र चार वेळा तपासलं. मशीन (स्पेक्ट्रोफोटोमीटर) ठीक आहे, त्यावरच दुसऱ्या मुलीचं जांभळाचं काम नीट झालं. कुणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा. 'गाइडला विचारा' नको, तिथूनच आलेय.

कुडाळकर_काका
पोरी, आगळ घरचं की दुकानातलं? दुकानातल्या बाटल्यांत वरून रंग मारलेला असतो. तो रंग तुझ्या चाचणीत कसा येणार? आमच्याकडे रातांबे फोडून मीठ घालतात, रोज ढवळतात, सुटलेला रस गाळतात. पाण्याचा थेंब नाही. खरं आगळ हवं असेल तर मला सांग.

पाचशेवीस
रीडिंग कुठे आहेत? डायल्यूशन किती, म्हणजे किती पट पातळ केलं? गाळलं का? "सूत्र तपासलं" यावरून कुणाला काय कळणार?

निळी_शाई
सॉरी. पीएच १ ला ५२० नॅनोमीटरवर ०.९१, ७०० वर ०.०८ (७०० चं वजा करायचं असतं). पीएच ४.५ ला ०.८६ आणि ०.०७. म्हणजे ०.८३ वजा ०.७९, राहिले ०.०४. मोलर मास ४४९.२, एप्सिलॉन (शोषण गुणांक) २६९००, डायल्यूशन २. गाळलंय, सेंट्रिफ्यूजही केलंय. आगळ घरचंच आहे काका, आजीचं, रंग वगैरे काही नाही.

स्तंभलेखक_नव्हे_कॉलम
माझं ऐकाल तर हा नाद सोडा आणि एचपीएलसी (घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) करा. कोकमात मुख्यतः दोन अँथोसायनिन असतात, सायनिडिन-३-सॅम्बुबायोसाइड आणि सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. दोन शिखरं वेगळी दिसतील. आणि खरं काम करायचं तर गार्सिनॉल करा, कोकमातलंच दुसरं संयुग. अँथोसायनिन काय, सगळेच करतात.

पाचशेवीस
गार्सिनॉल तेलात विरघळणारं आहे हो, ते सालीत राहतं. आगळात कितीसं उतरणार? आणि तिच्याकडे एचपीएलसी असतं तर ती मंगळवारी रात्री इथे असती का?

फिट_आई_७८
छान विषय! कोकमात वजन कमी करणारं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं ना? मी सकाळी उपाशीपोटी आगळ घेते. किती चमचे घ्यावं? साखर असलेल्यांना चालतं का?

गोळीविरोधी
ताई, उपाशीपोटी इतकं खारट-आंबट कशाला? त्या आम्लाच्या बाजारातल्या गोळ्या बहुतेक मलबारच्या चिंचेच्या सालीतून येतात, म्हणजे कोकमाच्या चुलत भावातून. माणसांवरच्या चाचण्यांत वजनातला फरक नगण्य निघाला, आणि अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणात सोलकढी प्या आणि खुश राहा. साखरेचं डॉक्टरांना विचारा.

भिंडां_सोलां
आमच्या गोव्यात आगळ अंगावर पित्त उठलं की लावतात पण. आणि ते फळ भिंडां, रातांबा नव्हे.

कुडाळकर_काका
फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल, रस आगळ. शहरातले लोक सगळ्यालाच कोकम म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो. आणि मी रंगाचं बोललो ते खोटं नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघ. खरा रस असेल तर फसफसून निळसर-हिरवट पडेल, कृत्रिम लाल रंग सहसा तसाच राहतो.

निळी_शाई
टाकला. उतू गेलं, ओटा खराब झाला, आई ओरडली. निळसर राखाडी झालं. म्हणजे रंग नाही. आता?

जुनी_बरणी
एक प्रश्न कुणीच विचारला नाही. हे आगळ कधीचं?

निळी_शाई
ते मागच्या उन्हाळ्याचं आहे. प्रोजेक्टच साठवणीवर आहे ना, यंदाचं आणि मागच्या वर्षीचं. यंदाचं अजून नीट मोजलंच नाही, रीडिंग मशीनच्या बाहेर जातं.

जुनी_बरणी
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. वर्षभरात अँथोसायनिनचे रेणू एकमेकांना आणि इतर फेनॉलना चिकटून मोठे होतात. रंग लालसर-विटकरी दिसतो, पण पीएच बदलला तरी तो बदलत नाही. ही पद्धत फक्त सुटं अँथोसायनिन मोजते, कारण तेच १ ला लाल आणि ४.५ ला रंगहीन होतं. तुमचा आकडा बरोबरच आहे. अभिनंदन, निष्कर्ष मिळाला.

पाचशेवीस
एवढ्यात अभिनंदन नको. जुनं आहे म्हणून कमी येईल हे मान्य, पण ०.८३ आणि ०.७९? जवळजवळ सगळंच चिकटलं असेल तर सोड्याने निळं कसं झालं? मला दुसरीच शंका येतेय. ४.५ च्या नळीचा रंग कसा दिसतो?

निळी_शाई
गुलाबी. दोन्ही नळ्या सारख्याच गुलाबी, कुठली कुठली हे मार्करने लिहावं लागतं.

पाचशेवीस
आणि हे तीन दिवसांत सांगावंसं वाटलं नाही! त्या नळीचा पीएच मोजा.

निळी_शाई
मोजलाय. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ४.५ च आहे, मीटर कॅलिब्रेट करून केलाय.

पाचशेवीस
बफरचा नाही. आगळ मिसळल्यावरचा. नळीतलाच.

शेतीशाळा
यांचं बरोबर वाटतं. कोकमाचा सामू (पीएच) मुळातच फार खाली असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात दिली आहे, तिची कलमं लावावीत. बियांपासून केलं तर नर झाड की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, सहा-सात वर्षं फुकट जातात.

भिंडां_सोलां
तिला प्रोजेक्ट करायचं आहे, बाग नाही लावायची.

निळी_शाई (बुधवार, दुपारी १.१५)
मोजला. २.२.
विश्वास बसेना म्हणून परत मोजला. २.२ च.

पाचशेवीस
हं. मग दोन्ही नळ्या आम्लातच आहेत, रंग जाणार कशाला? तुमच्या आगळाने बफर गिळून टाकला. आता सांगा, बफर किती मोलार? आणि डायल्यूशन २ म्हणजे आगळ एक मिलि, बफर एक मिलि?

निळी_शाई
हो, एकास एक. नाहीतर रंग फार फिका होतो. बफर दोन्ही ०.०२५ मोलार.

पाचशेवीस
सापडलं. पोटॅशियम क्लोराइड ०.०२५, ते बरोबर. सोडियम अ‍ॅसिटेट ०.४ मोलार लागतं! सोळा पट कमी घेतलंत. शिवाय नमुना एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. जांभळाच्या पातळ अर्कात दोन्ही चुका खपून जातात, आगळात नाही. नवीन बफर करा, एक भाग आगळ आणि चार भाग बफर. मिसळून झाल्यावर पुन्हा मीटर लावा. वीस मिनिटं थांबून वाचा, तासभर ठेवू नका.

स्तंभलेखक_नव्हे_कॉलम
एचपीएलसीत हे झालंच नसतं.

जुनी_बरणी
आम्लाचं पटलं. पण चिकटलेल्या रंगाचं मी खोटं बोललो नव्हतो. बघा, ४.५ ची नळी पूर्ण रंगहीन होणार नाही.

निळी_शाई (गुरुवार, संध्याकाळी ७.५०)
केलं! मिसळल्यावर ४.२ आलं, थोडं अ‍ॅसिटेट वाढवून ४.५ वर नेलं, तेवढं पाणी दुसऱ्या नळीतही घातलं. आता पीएच १ ला ०.३६ आणि ०.०३, ४.५ ला ०.१५ आणि ०.०२. फरक ०.२०, म्हणजे लिटरला १६.७ च्या आसपास. आणि जुनी_बरणी, तुमचंही खरं. नळी फिकट विटकरी राहिली, पाण्यासारखी नाही झाली. मॅडमना दोन्ही नळ्यांचा फोटो पाठवला.
यंदाच्या आगळाला किती पट करू? उद्या सकाळी आठला लॅब उघडते.

पाचशेवीस
पंचवीस पटीपासून सुरू करा. ५२० चं रीडिंग ०.२ ते १.४ मध्ये बसेल असं जुळवा आणि दोन्ही बफरना तेवढंच डायल्यूशन ठेवा. आणि बरणी कुठे ठेवली होती, उजेडात की फडताळात, तेही लिहा. साठवणीचं प्रोजेक्ट म्हणता ना.

निळी_शाई
आजीला फोन करून विचारते. बहुतेक खिडकीत.

फिट_आई_७८
पण चमचे किती ते राहिलंच.