मदत हवी आहे: पोटातल्या पाण्यात अटिपिकल (नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या) पेशी, कोणते मार्कर आधी लावावेत?

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावी छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवते. सायटोलॉजी (सुट्या पेशींची तपासणी) नेहमी बघणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

साठीच्या आसपासच्या बाई. पोटात पाणी, रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) बरंच वाढलेलं, सोनोग्राफीत ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड. अंडाशय नीट दिसलेच नाहीत. आपल्याकडे अशा वेळी पोटाचा टीबी आणि अंडाशयाचा कॅन्सर दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात. सीए-१२५ टीबीतही चढतं. पाण्याचं एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) धड कमी नाही, धड जास्त नाही.

स्मिअरमध्ये लिम्फोसाइट भरपूर आणि मधूनमधून पेशींचे पुंजके. बऱ्याच ठिकाणी दोन पेशींमधली ती ओळखीची फट दिसते, म्हणजे मेसोथेलियल, पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशी. पण दोन-तीन पुंजक्यांची कड अगदी गुळगुळीत, न्यूक्लियस मोठे, न्यूक्लिओलस ठळक. रिॲक्टिव्ह (सुजेमुळे बदललेल्या, पण कॅन्सरच्या नसलेल्या) मेसोथेलियल पेशी किती फसवतात ते तुम्हाला सांगायला नको. २०२० च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे 'अनिश्चित अर्थाच्या अटिपिकल पेशी' असा रिपोर्ट दिला. पण त्या रिपोर्टवर ना टीबीची औषधं सुरू होतात ना केमो. बाईंचा मुलगा रोज संध्याकाळी येऊन विचारतो, आणि त्याला नुसतं 'थांबा' म्हणणं माझ्या जिवावर येतं.

फ्रिजमध्ये अजून १०० मिलीच्या आसपास पाणी आहे. सेल ब्लॉक (गाळातल्या पेशींची मेणात बसवलेली वडी) करून पुण्याला इम्युनोसाठी, म्हणजे मार्कर लावून पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवायला, पाठवायचा विचार आहे. गाळ थोडाच निघेल आणि प्रत्येक मार्करचे पैसे घरच्यांच्या खिशातून जाणार. कॅलरेटिनिन (मेसोथेलियल पेशींचा मार्कर) आणि डब्ल्यूटी-१ एवढ्यावर भागेल का? आणि थ्रॉम्बिन (गाळाची गाठ बसवणारं एन्झाइम) नाही माझ्याकडे, ब्लॉक कसा बांधू?

प्रतिसाद १

मॅडम, डब्ल्यूटी-१ इथे उपयोगाचं नाही. मेसोथेलियल पेशीही पॉझिटिव्ह आणि अंडाशयाचा सीरस कार्सिनोमाही (तिथला नेहमीचा कॅन्सर) पॉझिटिव्ह, म्हणजे नेमक्या तुमच्या प्रश्नावर ते गप्प बसणार. पहिल्या फेरीत कॅलरेटिनिन आणि क्लॉडिन-४, म्हणजे कार्सिनोमात धरणारा मार्कर. क्लॉडिन-४ नसेल तर एमओसी-३१ किंवा बेर-ईपी४ चालेल, पण बेर-ईपी४ मेसोथेलियल पेशींत कधीकधी थोडं धरतं. पुंजके क्लॉडिन पॉझिटिव्ह, कॅलरेटिनिन निगेटिव्ह आले तर मग पॅक्स-८ (अंडाशय-बीजनलिकेकडच्या पेशींचा मार्कर) आणि पी-५३. कॅलरेटिनिन न्यूक्लियसमध्ये धरलंय का ते बघा, नुसत्या सायटोप्लाझमवर विसंबू नका.

एक लक्षात ठेवा, मार्कर पेशीची जात सांगतो, ती कॅन्सरची आहे की नाही हे नाही. एंडोसाल्पिंजिओसिसच्या (पोटाच्या अस्तरावर आढळणाऱ्या बीजनलिकेसारख्या) साध्या पेशीही पॅक्स-८ पॉझिटिव्ह येतात. म्हणून पी-५३ सोबत हवं. ते सगळ्या न्यूक्लियसमध्ये गडद आलं किंवा पूर्ण गायब असलं तर हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमाकडे झुकता येतं. आणि सगळं मेसोथेलियल निघालं म्हणून टीबी सिद्ध होत नाही. ओमेंटमची बायोप्सी मग घ्यावीच लागेल.

प्रतिसाद २

मी हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. थ्रॉम्बिनवाचून अडत नाही मॅडम. तुमच्याकडे पीटीचं (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याच्या तपासणीचं) रीएजंट असणारच. सगळं पाणी सेंट्रिफ्यूज करा, गाळ सलाइनने धुवा, त्यात दोन-चार थेंब प्लाझ्मा मिसळा, मग तेवढंच पीटी रीएजंट. रीएजंटमध्ये कॅल्शियम असतं, त्यामुळे काही मिनिटांत जेलीसारखी गाठ बसते. ती अलगद सोडवून फिल्टर पेपरमध्ये गुंडाळा आणि १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्लाझ्मा पेशंटचाच घेऊ की ब्लड बँकेचा जुना चालेल? आणि आधी दोनच मार्कर लावून उरलेला ब्लॉक ठेवायला सांगू का?

प्रतिसाद २

प्लाझ्मा दोन्ही चालतो, फक्त नीट सेंट्रिफ्यूज केलेला घ्या, दुसऱ्याच्या पेशी त्यात येता कामा नयेत.

ब्लॉक मात्र ठेवायला सांगू नका. तो मायक्रोटोमवर (काप घेण्याच्या यंत्रावर) परत चढवला की पातळी जुळवताना वरचे काप वाया जातात, आणि तुमच्या गाळात तेवढेच पुंजके असतील. पहिल्याच वेळी चार्ज्ड (काप घट्ट चिकटणाऱ्या) स्लाइडवर आठ-दहा काप घेऊन ठेवायला सांगा. त्यातले दोन आधी रंगवायचे, बाकीचे रिकामे राखायचे. फॉर्मवर 'फॉर्मॅलिनमध्ये फिक्स केलेला सेल ब्लॉक' असं स्पष्ट लिहा. अल्कोहोलमध्ये फिक्स केला असेल तर काही मार्कर फिके धरतात आणि कंट्रोलही (तुलनेसाठीचे नमुने) तसेच घ्यावे लागतात. पाणी आजच सेंट्रिफ्यूज करा.