अडलेलं कोडं आंघोळीला गेल्यावरच का सुटतं?

बगवाला: काल कोडमधला एक बग (चूक) शोधत चार तास बसलो, डोकं पार बधिर झालं, शेवटी वैतागून लॅपटॉप मिटला नि आंघोळीला गेलो तर अंगाला साबण लावता लावता उत्तर सुचलं! दर वेळी हेच. मग ते चार तास मेंदू करत काय होता? की माझाच मेंदू लहान आहे 😅

हत्तीमित्र: आकाराचं मनावर घेऊ नका हो. आइनस्टाइनचा मेंदू १२३० ग्रॅम भरला होता, म्हणजे सरासरीपेक्षा जरा कमीच. आणि हत्तीकडे २५७ अब्ज न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी), आपल्याकडे ८६, तरी कोडी आपणच सोडवतो, कारण हत्तीचे ९८ टक्के न्यूरॉन मागच्या छोट्या मेंदूत असतात, विचार जिथे चालतो त्या वरच्या घड्यांच्या थरात फक्त साडेपाच अब्ज. आपल्या त्या थरात १६ अब्ज.

रात्रपाळी: मूळ प्रश्न राहिलाच की. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरून ठेवतो (१९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मिलरने सात म्हटलं होतं, पुढे तो आकडा खाली आला). त्या चारांत एक चुकीचं गृहीत घुसलं की तुम्ही तेच तेच घोळवत बसता आणि जितका जोर लावाल तितकं ते घट्ट बसतं. उठून गेलात की पकड सुटते. मेंदू गुपचूप काम करत होता असं सगळे म्हणतात, मला तरी वाटतं निम्मं श्रेय नुसत्या विसरण्याचं आहे. बाकी २००४ च्या एका प्रयोगात, उत्तर अचानक सुचायच्या साधारण ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानावरच्या भागात गॅमा लहरी (मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी) उसळलेल्या दिसल्या होत्या.

प्यादं: पण आधी चार तास घासली नसती तर आंघोळीत काय कप्पाळ सुचणार होतं? बुद्धिबळात बघा, मास्टर लोकांना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तरी बराचसा जसाच्या तसा मांडतात, पण सोंगट्या कशाही टाकल्या तर त्यांचंही आपल्यासारखंच होतं. जागा त्यांच्याकडेही चारच, फक्त एकेका जागेत पाच-सहा सोंगट्यांचं गाठोडं मावतं, आणि ते गाठोडं वर्षानुवर्षं खेळूनच बांधलं जातं.

बगवाला: @रात्रपाळी गृहीताचं अगदी बरोबर, ज्या फाइलमध्ये चार तास शोधत होतो तिथे बग नव्हताच 🤦