कमरेतलं रबर तुटतंय, उन्हाळ्यात काय करू?

प्रश्न: माझ्याकडे लहानपणीचे जी. आय. जो (सैनिकांच्या छोट्या बाहुल्या) आहेत १४-१५. परवा एक हातात घेतला तर कमरेतून दोन तुकडे, आतलं रबर पार कडक होऊन तुटलेलं. बाकीच्यांना खोबरेल लावू का? सोलापूरचा मे माहितीये तुम्हाला, पारा ४२ च्या पुढं, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला.

उत्तर १: खोबरेल अजिबात नको बे! व्हॅसलीन पण नको, तेलानं रबर फुगून मऊ पडतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेपण नखभर. खरं म्हणजे ती ओ-रिंग, म्हणजे आतली रबराची गोल कडी, बदलायचीच वस्तू आहे, १९८२ पासूनच्या या जुन्या बाहुल्यांत छाती अन् पाय त्या रिंगवरच ताणून धरलेले असतात, पाठीचा स्क्रू काढला की झालं. नवी पेठेत पंप रिपेअरवाल्याला जुनी रिंग दाखव, मापाची मिळते का बघ. स्क्रू मात्र हळू फिरव.

उत्तर २: आधी कपाट हलवा ओ. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन, रबर यांनीच तडकतं. मोटर चालते तिथंही ओझोन होतो, तिथं ठेवू नका.

प्रश्नकर्ता: बरं. एकाचे बूट चिकट झालेत, तेपण रबरच का?

उत्तर १: ते बहुतेक पीव्हीसी. मऊपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर बाहेर येतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मग सावलीत वाळव. हवाबंद डब्यात कोंबू नको, अजून चिकटतील. आणि चादरीत गुंडाळू नको, आमच्या आईनं गुंडाळलेले, धागे अजून निघतायत.